रोज तेल लावूनही डोकं कोरडंच का?

"रोज तेल लावून देतो जी, तरी पोराचं डोकं कोरडंच. खाजवलं की भुसा पडते." हिवाळा लागला की दरेकसा-सालेकसा पट्ट्यात हे वाक्य थोड्याफार फरकाने ऐकू येतंच. विचारणारी बहुतेक वेळा आई असते आणि तिचा हिशेब सरळ असतो: पांढरं सुटतंय म्हणजे कोरडं आणि कोरडं म्हणजे तेल कमी पडलं. मग तेल वाढतं. भुसाही वाढतो.

दरेकसा हे गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकाचं गाव. मुंबई-हावडा लोहमार्ग इथे डोंगरात शिरतो, बोगदा ओलांडतो आणि पुढचं बोरतलाव स्टेशन छत्तीसगडात लागतं. हाजरा धबधबा जवळच. माघ पौर्णिमेला कचारगडच्या गुहांकडे जाणारे हजारो गोंड भाविक याच स्टेशनवर उतरतात. चहूकडे जंगल, जंगलात मोह. त्यामुळे इथे डोक्याला लावायच्या तेलाची कधी वाण पडली नाही. दुकानातलं खोबरेल नसेल तर मोहाच्या बियांचं तेल असतंच. कोणी त्याला टोळीचं तेल म्हणतं, कोणी टोरीचं. थंडीत ते तुपासारखं थिजतं. चुलीजवळ ठेवून पातळ केलं की आधी कातडीला आणि मग डोक्याला लागतं.

एवढं तेल असूनही डोकं कोरडं दिसतं, कारण बहुतेक वेळा ते कोरडं नसतंच. हे पटायला थोडं मागे जावं लागेल.

१. कातडी झडते कशी

आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या, चपट्या पेशींचा असतो. खालच्या थरात नव्या पेशी तयार होतात, हळूहळू वर सरकतात, वाटेत चपट्या होतात आणि पृष्ठभागावर येऊन गळून पडतात. या प्रवासाला साधारण चार आठवडे लागतात. डोकं असो की पाय, ही झड रोज चालू असते. ती दिसत नाही, कारण पेशी एकेकट्या किंवा अगदी लहान पुंजक्यांनी सुटतात.

कवेलूचं घर डोळ्यांसमोर आणा. पावसाळ्याआधी कवेलू फेरताना एकेक जुनं काढून तिथे पक्कं भाजलेलं नवं बसवत गेलं, तर खालून बघणाऱ्याला फरकही कळत नाही. पण निम्म्या वेळात काम उरकायचं म्हणून ओले, कच्चे कवेलू वर चढवले तर ते एकमेकांना चिकटतात आणि पुढे छपराचा तुकडाच्या तुकडा खाली येतो. कोंड्यात हेच होतं. खालून नव्या पेशी जवळपास दुप्पट वेगाने वर ढकलल्या जातात, नीट पक्व व्हायला त्यांना वेळ मिळत नाही आणि त्या गठ्ठ्यागठ्ठ्याने सुटतात.

गठ्ठा केवढा असतो ते मोजता येतं. एका पेशीची रुंदी साधारण एक मिलिमीटरचा तिसावा भाग धरू. खांद्यावर पडलेला एक मिलिमीटर लांब, एक मिलिमीटर रुंद पापुद्रा घेतला, तर त्याच्या एका थरात ३० गुणिले ३० म्हणजे ९०० पेशी झाल्या. पापुद्र्यात पाच थर असले तर साडेचार हजार. शर्टावरचा प्रत्येक पांढरा ठिपका म्हणजे हजारो पेशी एकत्र सुटल्याची खूण आहे.

आता प्रश्न उरतो तो घाईचा. पेशींना एवढी घाई कशाची झाली?

२. तेलावर जगणारं यीस्ट

लुई-शार्ल मालासे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७४ साली कोंड्याच्या पापुद्र्यांमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली गोल, अंकुर फुटलेल्या पेशी पाहिल्या. ते एक प्रकारचं यीस्ट होतं, म्हणजे एकपेशीय बुरशी. पुढे त्यांच्याच नावावरून तिला मालासेझिया म्हणू लागले. मग कित्येक दशकं तज्ज्ञांचं एकमत होईना. यीस्ट तर निरोगी डोक्यावरही सापडतं, मग दोष त्याचा कसा? अनेकांनी कोंडा हा केवळ त्वचेच्या वाढीचा बिघाड ठरवून टाकला होता. बुरशीवरचं किटोकोनाझोल हे औषध आलं आणि त्याने यीस्ट घटताच कोंडाही घटतो असं दिसलं, तेव्हा वाद बराचसा मिटला. ब्रिटिश त्वचारोगतज्ज्ञ सॅम शुस्टर यांनी १९८४ साली ही बाजू ठामपणे मांडली.

या यीस्टची एक खोड आपल्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. २००७ मध्ये मालासेझिया ग्लोबोसा या जातीचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला, तेव्हा स्वतःसाठी मेदाम्लं तयार करण्याचं जनुकच तिच्याकडे नाही असं आढळलं. मेदाम्लं म्हणजे तेला-तुपाचे घटक. ते तिला बाहेरूनच घ्यावे लागतात. आपल्या डोक्यावर केसांच्या मुळाशी तेलाच्या सूक्ष्म ग्रंथी असतात, त्यांतून पाझरणारं तेल हे तिचं अन्न. यीस्ट विकर सोडून या तेलाचे तुकडे करतं, हवी ती मेदाम्लं खातं आणि नको ती तिथेच टाकतं. या टाकलेल्यांत ओलेइक आम्ल असतं. ते त्वचेत शिरलं की काहींच्या त्वचेची चिडचिड होते आणि चिडलेली त्वचा घाईघाईने नव्या पेशी वर ढकलू लागते.

'काहींच्या' हा शब्द महत्त्वाचा आहे. एका प्रयोगात, ज्यांना कोंडा होतो आणि ज्यांना होत नाही अशा दोन्ही प्रकारच्या लोकांच्या डोक्याला थेट ओलेइक आम्ल लावलं. पहिल्यांची त्वचा सोलली, दुसऱ्यांना काही झालं नाही. म्हणजे कोंड्याला तीन गोष्टी जुळून याव्या लागतात: तेल, यीस्ट आणि तुमच्या त्वचेचा स्वभाव. यीस्ट जवळपास सगळ्यांच्याच डोक्यावर असतं. त्यामुळे कोंडा एकाचा दुसऱ्याला लागत नाही. भावाचा कंगवा वापरला म्हणून कोंडा झाला, असं होत नाही.

तेलग्रंथी मात्र वयात येताना जाग्या होतात. म्हणून खरा कोंडा साधारण बारा-तेरा वर्षांच्या पुढे दिसू लागतो, ऐन तारुण्यात जोर धरतो आणि उतारवयात बहुधा ओसरतो. तान्ह्या बाळाच्या टाळूवर पिवळट खपली धरते तोही याच घराण्यातला प्रकार आहे. आईकडून आलेल्या संप्रेरकांनी बाळाच्या ग्रंथी काही महिने चालू राहतात, मग त्या झोपी जातात आणि खपलीही जाते. तोवर थोडं तेल लावून खपली मऊ करायची, मऊ ब्रशने हलकेच सोडवायची आणि धुऊन टाकायची. नखाने खरवडायची नाही.

'पोराचं डोकं' असं कोणी म्हटलं की मी आधी पोराचं वय विचारतो, त्याचं कारण हे. पंधरा वर्षांचा असेल तर बहुधा कोंडा. सात वर्षांचा असेल तर गोष्ट वेगळी असू शकते, तिच्याकडे पुढे येऊ.

३. मग तेलाचं काय करायचं

प्रयोगशाळेत मालासेझिया फर्फर ही जात वाढवायची असेल तर एक जुनी रीत आहे: जेलीसारख्या खाद्याच्या बशीवर ऑलिव्ह तेलाचा पातळ थर ओततात. ऑलिव्ह तेलात ओलेइक आम्ल भरपूर असतं. मोहाच्या तेलातही ते ४० टक्क्यांच्या आसपास असतं आणि तिळाच्या तेलातही जवळपास तेवढंच. खोबरेल वेगळं आहे. त्यात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असतं आणि प्रयोगशाळेत ते काही जंतूंना मारक ठरतं. पण लॉरिक आम्लावर हे यीस्ट जगू शकतं, म्हणून खोबरेलाला कोंड्याचं औषध म्हणता येणार नाही.

आता आईचा हिशेब पुन्हा मांडू. कोंड्यावर तेल थापलं की पापुद्रे ओले होऊन केसांना, त्वचेला चिकटतात. दिवसभर काही दिसत नाही, खाजही जराशी शमते. वाटतं, तेल लागू पडलं. खाली यीस्टची पंगत बसलेली असते. दोन दिवसांनी तेल सुकतं आणि आधीपेक्षा जास्त पापुद्रे मोकळे होतात. मग पुन्हा तेल.

थंडीत हे चक्र जोर धरतं. गोंदियात पारा अधूनमधून १० अंशांखाली उतरतो, हवा कोरडी असते, पहाटे थंड पाण्याने डोकं धुवायची इच्छा होत नाही. धुणं आठवड्यावर जातं, तेल रोजचं राहतं, वर दिवसरात्र कानटोपी. डोक्यावर पापुद्रे, घाम आणि तेल यांचा थर साचतो.

मी तेलाच्या विरोधात नाही. केसांच्या दांड्याला, विशेषतः लांब केसांच्या टोकांना, तेल उपकारक आहे. खोबरेल केसात थोडं शिरतं आणि धुताना केसांतली प्रथिनं कमी निघून जातात, हे तपासलेलं आहे. म्हणून तेल लावायचंच असेल तर धुण्याआधी तासभर लावावं, मुळांशी न चोळता केसांच्या लांबीवर लावावं आणि धुऊन काढावं. धुतल्यावर डोक्याच्या त्वचेवर पुन्हा तेल नको. आजीला हे पटवणं शॅम्पू आणण्यापेक्षा अवघड आहे, याची मला कल्पना आहे.

४. खरोखर कोरडं डोकंही असतं

सगळ्यांनाच कोंडा असतो असं नाही. खरोखर कोरडी त्वचा असलेल्या माणसाचे पापुद्रे बारीक, पांढरे, पिठासारखे असतात. ते चिकट नसतात आणि झटकले की उडतात. सहसा त्याच माणसाच्या नडग्यांवर नखाने ओढलं तर पांढरी रेघ उमटते, हातपाय उलतात. कोंड्याचे पापुद्रे मोठे, किंचित पिवळट, तेलकट असतात आणि खाज जास्त असते. तेच खवले भुवया, नाकाच्या कडा, कानामागे किंवा छातीच्या मध्यावर दिसले तर तो कोंड्याचाच वाढलेला प्रकार, सेबोऱ्हिक डर्मटायटिस. गोऱ्या कातडीवर तिथे लाली दिसते. आपल्याकडच्या सावळ्या रंगावर लालीऐवजी बऱ्याचदा फिकट चट्टे दिसतात आणि घरच्यांना कोडाची भीती वाटते. कोडाचा डाग खडूसारखा पांढराफटक असतो आणि त्यावर खवले नसतात. हे चट्टे फिके, खवलेदार असतात आणि उपचाराने रंग परततो.

कोरड्या डोक्याचा मोठा शत्रू म्हणजे साबणाची वडी. डोक्याची त्वचा जरा आम्ल असते, सामू साडेपाचच्या आसपास. अंगाचा साबण अल्कली, सामू नऊ-दहा. बोअरचं पाणी जड असेल तर साबणाचा चुना-फेस केसांत बसतो आणि तोही पांढरा दिसतो. कपड्याच्या साबणाने डोकं धुणारेही मी पाहिले आहेत. अशा माणसाने साबण सोडला, कढत पाण्याऐवजी कोमट घेतलं, सौम्य शॅम्पू आठवड्यातून एक-दोनदा वापरला आणि धुण्याआधी थोडं तेल लावलं, तरी बरंच भागतं. पाणी जास्त प्यायल्याने डोक्याची त्वचा ओली होत नाही, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

तरी कळत नसेल तर करून बघण्याची सोपी परीक्षा आहे. तीन-चार आठवडे मुळांना तेल बंद आणि कोंड्याचा औषधी शॅम्पू. कोंडा असेल तर फरक दिसतो. कोरडेपणा असेल तर तो उलट वाढतो.

५. शॅम्पू लागू का पडत नाही

'सगळे शॅम्पू करून झाले' ही तक्रार खरी असते, पण बहुतेक वेळा शॅम्पू डोक्यावर अर्धं मिनिटही राहिलेला नसतो. औषधी शॅम्पूतलं औषध यीस्टपर्यंत पोचायला वेळ लागतो. फेस केसांत नको, बोटांच्या टोकांनी त्वचेवर पसरायचा, पाच मिनिटं ठेवायचा, मग धुवायचा. तेलाचं डोकं असेल तर आधी साध्या शॅम्पूने एकदा तेल काढायचं. तेलाच्या थरावर औषध टाकून उपयोग नाही.

दुकानात मिळणाऱ्यांत तीन-चार औषधं मुख्य आहेत. पाकिटामागचं नाव वाचायची सवय लावा, पुढच्या चित्रावर जाऊ नका. झिंक पायरिथिऑन यीस्टची वाढ रोखतं. कोंड्याच्या बहुतेक पुड्यांमध्ये हेच असायचं. युरोपीय संघाने मार्च २०२२ पासून सौंदर्यप्रसाधनांत त्यावर बंदी घातली. कारण प्राण्यांवरच्या चाचण्यांतून त्याचं घातक म्हणून झालेलं वर्गीकरण हे होतं, धुऊन टाकायच्या शॅम्पूने माणसांना अपाय झाल्याचं नव्हे. किटोकोनाझोल दोन टक्के जास्त नेमकं आहे. सेलेनियम सल्फाइडही चालतं, फक्त चांदीचे दागिने आधी काढून ठेवा, ते काळवंडतात. सॅलिसिलिक आम्ल यीस्टला फारसं काही करत नाही, पण जाड खपल्या सोडवतं.

यांत सरस कोण? २००२ सालच्या एका चाचणीत ३३१ जणांवर चार आठवडे तुलना केली, तेव्हा दोन टक्के किटोकोनाझोलने कोंड्यात ७३ टक्के सुधारणा झाली आणि एक टक्का झिंक पायरिथिऑनने ६७ टक्के. फरक आहे, पण स्वस्त पर्याय टाकाऊ म्हणावा एवढा नाही. माझा सल्ला असा: साधा कोंडा असेल तर स्वस्तापासून सुरुवात करा, महिना नीट वापरा, नाही भागलं तर किटोकोनाझोलकडे या.

आता खर्चाचा हिशेब. किटोकोनाझोलची १०० मिलीची बाटली, एका धुण्याला ८ मिली, आठवड्यातून दोनदा. म्हणजे बारा धुणी, सहा आठवडे. पहिले चार आठवडे आठवड्यातून दोनदा वापरून बहुतेकांचा कोंडा आटोक्यात येतो. त्यानंतर आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा पुरतं आणि उरलेले ३६ मिली आणखी महिना-दोन महिने जातात. पुडीचा हिशेब वेगळा. सी. के. रंगनाथन यांनी १९८३ साली तामिळनाडूतल्या कडलूरमध्ये सुरू केलेल्या व्यवसायासारख्या उद्योगांनी पुडीतला शॅम्पू खेड्यापाड्यांत नेला, हा उपकारच. पण पुडीत पाच-आठ मिली असतं आणि ते मुलीच्या कमरेपर्यंतच्या केसांना पुरत नाही. दोन पुड्या घ्या, किंवा एकच घेऊन ती केसांवर न उधळता भांग पाडत पाडत त्वचेवरच लावा.

महिन्याभरात कोंडा गेला की लोक शॅम्पू सोडतात आणि दोन महिन्यांत तो परत येतो. यात औषधाची चूक नाही. यीस्ट कायमचं घालवता येत नाही आणि त्वचेचा स्वभावही बदलत नाही. कोंडा दाबून ठेवावा लागतो, मधूनमधून, वर्षानुवर्षं.

६. लिंबू, दही, कडुलिंब

लिंबू खपल्या थोड्या सोडवतं, पण त्याचा रस तीव्र आम्ल आहे. खाजवून फुटलेल्या डोक्यावर तो झोंबतो आणि लावून उन्हात गेलं तर कपाळावर ओघळलेल्या जागी काळे डाग राहू शकतात. दह्याने केस मऊ लागतात, त्यापलीकडे विशेष नाही. कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी प्रयोगशाळेत बुरशीवर काम करतं, पण घरी उकळलेल्या काढ्यात किती औषध उतरलं हे कोणी मोजत नाही. शिकेकाई आणि रिठा चांगले आहेत. ते तेल काढतात आणि मुळात तेच हवं असतं. नियमित धुतलं तर सौम्य कोंड्याला एवढंही पुरतं. झाडपाल्यात चाचणीला उतरलेलं एक नाव टी-ट्री तेलाचं आहे. २००२ मध्येच १२६ जणांवर त्याच्या पाच टक्क्यांच्या शॅम्पूची चाचणी झाली. चार आठवड्यांत ४१ टक्के सुधारणा, औषध नसलेल्या शॅम्पूने ११ टक्के. ते झाड ऑस्ट्रेलियातलं, दरेकशाच्या जंगलात मिळणारं नाही.

७. कोंडा वाटतो, पण नसतो

आता त्या सात वर्षांच्या पोराकडे येऊ. वयात न आलेल्या मुलाच्या डोक्यावर खवले, खाज आणि त्या जागचे केस विरळ किंवा तुटलेले, काही ठिकाणी काळे ठिपके उरलेले, असं दिसलं तर तो खवडा समजावा, म्हणजे डोक्यावरचा नायटा. ही वेगळी बुरशी, ती केसातच शिरते. ती कंगवा, टोपी, टॉवेल, न्हाव्याचं यंत्र यांतून पसरते आणि वसतिगृहात एकाला झाली की खोलीभर होते. शॅम्पूने तिचा प्रसार कमी होतो, ती बरी होत नाही. त्यासाठी पोटातून काही आठवडे औषध घ्यावं लागतं, ग्रिसिओफुल्विन किंवा टर्बिनाफिन, मुलाच्या वजनाप्रमाणे आणि डॉक्टरांच्याच सल्ल्याने. उशीर केला तर सूज येऊन पू होतो आणि त्या जागी कायमचं टक्कल पडू शकतं. साध्या कोंड्याने टक्कल पडत नाही.

पांढरे कण केसाला चिकटलेले असतील आणि बोटाने सरकत नसतील तर त्या लिखा, कोंडा नाही. जाड, चंदेरी खपल्यांचा, स्पष्ट कडा असलेला चट्टा केसांची रेघ ओलांडून कपाळावर आला असेल आणि कोपर-गुडघ्यांवरही तसंच असेल, नखांना बारीक खळगे पडले असतील, तर तो सोरायसिस. डाय लावल्यानंतर दोन दिवसांत डोकं सुजून, ओलावून सोललं तर डायची ॲलर्जी. तो डाय पुन्हा लावू नये.

८. दवाखान्यात जाताना

महिनाभर नीट उपचार करून फरक नाही, केस गळून चट्टे पडले, पू किंवा रक्त येतं, लहान मूल आहे, किंवा खवले एकाएकी चेहऱ्या-अंगावर पसरले, तर घरगुती प्रयोग थांबवावेत. अचानक आणि फार जोराचा सेबोऱ्हिक डर्मटायटिस कधी कधी एचआयव्ही किंवा पार्किन्सनच्या रुग्णांत दिसतो, म्हणून डॉक्टरांनी तपासण्या सांगितल्या तर त्यात संशय घेण्यासारखं काही नाही. सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सालेकशाच्या ग्रामीण रुग्णालयात करता येते. त्वचेच्या डॉक्टरांची गरज लागली तर गोंदियाला २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि दरेकशाहून तिथवर रेल्वे जाते.

जायच्या आदल्या दिवशी डोक्याला तेल लावू नका आणि डोकं घासून धुऊही नका. खवले आहेत तसे दिसले तर डॉक्टरांना निदान सोपं जातं आणि खवड्याचा संशय असेल तर तपासणीसाठी तेच खरवडून घ्यावे लागतात. आजवर लावलेली प्रत्येक ट्यूब, बाटली, पुडी पिशवीत टाकून न्या, विशेषतः दुकानदाराने हातात दिलेली ती छोटी ट्यूब. तिच्यात बऱ्याचदा क्लोबेटासोलसारखं तीव्र स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबवते म्हणून ती आवडते, पण नायट्यावर लावली तर बुरशी आत पसरत जाते आणि बाहेरून डाग ओळखू येईनासा होतो.